न मागता घेतलेली जवळीक

एकदा एका दुभाष्याशी त्याच्यावर जीव असलेला एक वडीलधारा माणूस अचानक अहो-जाहो करून बोलू लागला, आणि या वेड्याला त्याचा आनंद झाला. तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. का टिकला नाही, ते त्याला त्याच्या गुरूने सांगितलं. आणि ते ऐकल्यापासून मीही घरातल्या मोठ्यांशी बोलताना जरा जपून बोलू लागलो आहे.

दुभाष्याचं नाव सुजित वाळुंज. चाकणच्या बाजूला मोटारींचे पत्र्याचे भाग करणाऱ्या एका कोरियन कारखान्यात तो साहेबांचं बोलणं मराठीत आणि कामगारांचं बोलणं कोरियनमध्ये करून सांगत असे. ही भाषा तो तळेगावच्या परकार सरांकडे शिकला. इस्माईल परकार मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची बावीस वर्षं त्यांनी कोरियातल्या गोद्यांमध्ये जहाजबांधणीच्या कामावर देखरेख करण्यात घालवली होती, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर दर रविवारी आपल्या दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा जणांचा वर्ग घेत होते. सुजित त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे सरांना ठाऊक होतं, आणि दुर्दैवाने सुजितलाही.

कोरियन वाक्याची एक खोड इथे सांगायला हवी. आपल्यासारखंच त्यांचं क्रियापद शेवटी येतं, पण त्या क्रियापदालाही पुढे एक शेपूट असतं. कुणी ‘गेला’ एवढंच सांगायचं असेल, तरी सभेत ‘कास्सुम्निदा’ म्हणतात, शेजाऱ्याशी ‘कास्सॉयो’ आणि धाकट्या भावाशी नुसतं ‘कास्सॉ’. गेलेला माणूस तोच आणि बातमीही तीच. ऐकणारा आपला कोण लागतो, तेवढं त्या शेपटावरून कळतं. सुजितला ही सगळी शेपटं तोंडपाठ होती आणि परीक्षेत त्याचा एकही गुण गेला नव्हता.

कारखान्यात मिन नावाचे त्रेसष्ट वर्षांचे कारागीर होते. पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा यंत्रात केसाचाही फरक न पडता बसवायचा, हे त्यांचं काम, आणि ते इथल्या कामगारांना शिकवायला ते दोन वर्षांसाठी आले होते. दिवसभर सुजित त्यांच्या सावलीसारखा उभा असे. दुपारी दोघं एकत्र जेवत. सुजितची आई गावाहून पाठवायची ती बाजरीची भाकरी मिन आपल्या सूपमध्ये कुस्करून खात आणि वर खुशाल बोटं चाटत. एकदा सुजितला ताप आला, तर त्याच्या खोलीवर येऊन त्यांनी स्वतः तांदळाची पेज रांधली. सुजित दहावीत असतानाच त्याचे वडील गेले होते. या परक्या माणसावर त्याचा बापासारखा जीव जडला, यात नवल ते काय?

आणि जीव जडला की आपण मराठी माणसं काय करतो? अहो-जाहो सोडून देतो. शाळेतल्या बाईंना ‘तुम्ही’ म्हणणारं पोर आईला ‘ए आई’ म्हणून हाक मारतं आणि त्यात आईला कमीपणा वाटत नाही. सुजितच्या वाक्यांची शेपटंही अशीच, त्याच्या नकळत, आखूड होत गेली. मिन काही बोलले नाहीत. मग एके दिवशी कोरियाहून मुख्य कचेरीतले चार तरुण इंजिनिअर पाहणीला आले. मिन त्यांना यंत्र दाखवत होते, जेवणाची वेळ टळत होती, आणि सुजितने लांबूनच, धाकट्या भावाला हाक मारावी तशा कोरियनमध्ये, ‘चल की जेवायला, गार होतंय’ अशी हाक दिली.

इंजिनिअरांपैकी एकाने मान खाली घातली. मिन शांतपणे हात पुसत आले. ते आजवर सुजितशी घरच्या मुलाशी बोलावं तसं बोलत. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक वाक्य सभेतल्या ‘सुम्निदा’ने संपवू लागले. सुजितने आईला फोन करून सांगितलं, की आता मिन माझ्याशी मानाने बोलतात, माझी योग्यता त्यांना कळली. आईने देवापुढे साखर ठेवली.

पण मिन जेवायला येईनासे झाले. आपल्याला काम आहे, आपण कृपया जेवून घ्यावं, असं ते अतिशय नम्रपणे सांगत. चुकलं तर रागावत नसत, कॉलर वाकडी असली तर सरळ करत नसत. आठवड्याभरात सुजितच्या लक्षात आलं, की हा मान नाही. आपल्याला घराबाहेर काढून दार लावून घेतलं आहे. मिन महिन्याभराने कायमचे परत जाणार होते. ते असेच गेले तर?

रविवारी वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला आणि त्याने परकार सरांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, की मला क्षमेसाठी कोरियनमधलं सर्वांत नम्र शेपूट सांगा, मी उद्याच जाऊन म्हणतो.

सर उठले, एकुलती एक खुर्ची पंच्याने पुसली आणि म्हणाले, “बसा ना वाळुंज साहेब. आपण असे उभे का?”

सुजित हसला. या घरात तो खाटेवर मांडी घालून बसत असे आणि चहाही स्वतःच करून घेत असे. तो सवयीने स्वयंपाकघराकडे वळला, तर सरांनी त्याला अडवलं; आपण पाहुणे, आपण तसदी घेऊ नये म्हणाले. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबशीतून त्याला चहा आणून दिला. साखर पुरेशी आहे ना, असं विचारलं. आपल्या मातोश्रींची प्रकृती बरी आहे ना, तेही विचारलं. पंधरा मिनिटं हे असं चाललं. पाचव्या मिनिटाला सुजितचं हसू मावळलं आणि दहाव्या मिनिटाला त्याने ओठांपर्यंत नेलेला कप तसाच बशीत ठेवला.

“सर, तुम्ही असं का बोलताय? माझं काय चुकलं?”

“मी एक तरी वावगा शब्द बोललो का?”

“नाही. पण सहन होत नाहीये, सर.” त्याचे डोळे भरून आले होते.

सरांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि ते त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. “अरे सुज्या, पंधरा मिनिटांत तुझी ही गत झाली. मिनचा विचार कर. गोदीत अशी माणसं मी जन्मभर पाहिली. पदविका नाही, शिक्षण नाही. पोरवयात कामाला लागलेली. तिशी-चाळिशी येईपर्यंत जो तो त्यांना तोडून बोलतो. मग हातात कसब येतं, केस पिकतात, आणि एक दिवस लोक त्यांच्याशी वाक्य पूर्ण करून बोलायला लागतात. त्या माणसाची तेवढीच कमाई असते. तू ती चार पदवीधर पोरांदेखत काढून घेतलीस.”

“पण मी मायेनं बोललो, सर.”

“मायेनंच बोललास, म्हणून तो रागावला नाही, नुसता दूर झाला. आपल्याकडे माया आली की लहान माणूस आपणच जवळ सरकतो. तिकडे मोठ्याने ‘ये, मोकळेपणानं बोल’ म्हणायचं असतं. कधी तो म्हणतो, कधी जन्मभर म्हणत नाही. त्याच्या हातची वस्तू तू न मागता उचललीस. आता क्षमा मागायला जाशील, तर त्याला ‘असू द्या’ म्हणावं लागेल, आणि तुझ्या समाधानासाठी तो आणखी एकदा अवघडेल. काही बोलू नकोस. तुझं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत नेऊन ठेव, एवढंच कर. आणि तो विरघळेल म्हणून करू नकोस. त्याचं आहे, म्हणून त्याला परत दे.”

सुजितने तसं केलं. साचा चढवताना, घाईत, यंत्राच्या आवाजात, जिथे दोन शब्दांत भागलं असतं तिथेही तो वाक्य पूर्ण करी. कामगार त्याची थट्टा करत, की वाळुंज आता कीर्तन सांगायला लागला. तीन आठवडे गेले. मिन तसेच नम्र राहिले आणि दुपारी एकटेच जेवत राहिले. खरं सांगायचं तर सुजितने आशा सोडली होती; वाक्यं मात्र सोडली नाहीत, याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं.

निरोपाच्या दिवशी कारखान्याच्या आवारात छोटा समारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं. मिननी चार शब्दांत सगळ्यांचे आभार मानले, तेही ‘सुम्निदा’ लावून, आणि सुजितने ते मराठीत सांगितले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. काहींचे डोळे ओले झाले. मग सगळे मोटारीपर्यंत गेले. सुजित बॅग उचलून मागून येत होता. बॅग ठेवून त्याने कंबरेत वाकून नमस्कार केला आणि बाजूला झाला.

मिन मोटारीत बसले. दार ओढून घेता घेता त्यांची नजर खाली गेली आणि कपाळाला आठी पडली.

“बुटाची नाडी सुटलीय,” ते म्हणाले. “बांध. पडशील.”

वाक्यांना शेपूट नव्हतं. पोटच्या पोराला रागावताना बाप बोलतो, तशी ती होती.

सुजित नाडी बांधायला खाली बसला तो बराच वेळ वर उठला नाही. चालकाने दोनदा मागे वळून पाहिलं, पण मिननी त्याला थांबायची खूण केली. अखेर सुजित उभा राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला की बांधली, आता पडणार नाही. ते त्याने अगदी शेवटच्या ‘सुम्निदा’पर्यंत सावकाश म्हटलं, आणि म्हाताऱ्याने ते सगळं ऐकून घेतल्यावरच दार लावलं.