पुकाराचा कट्टा

दमला असाल तर टेका इथंच. या दगडी चौथऱ्याला आम्ही पुकाराचा कट्टा म्हणतो. खाली आमची आमसरी दिसते ना, तिला नदीनं तिन्ही बाजूंनी वेढलंय. वर यायला हीच एक वाट.

फार मागं गावात गोजरा नावाची भोईण होती म्हणे. नवरा-बायको दोघं नाव चालवायची. घरात अंथरुणाला खिळलेली सासू. एका श्रावणात भर दुपारी नदी चढली आणि सगळं गाव टेकडीकडं पळालं. गोजराला वाटलं, नवऱ्यानं आईला उचललं. त्याला वाटलं, गोजरानं. वर दोघं समोरासमोर आली तेव्हा दोघांचेही हात रिकामे. नवरा तसाच उलटा धावला. तो परतला नाही, म्हातारीही नाही.

त्यानंतर दर वर्षी ज्येष्ठात गोजरा घरोघर जायची, असं सांगतात. पीठ-मिठाचं गाठोडं आणि दोर आढ्याला टांगलाय का, ते बघायची. मग विचारायची, "पाणी आलं तर कोण कुणाला उचलणार?"

लोक वैतागायचे. शिदू तेल्याचा बाप लुळा पडलेला. शिदू म्हणायचा, "मावशी, भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका."

"मला काय बोलायचं ते बोल. पण बापाला कोण उचलणार, ते सांग."

"मी उचलीन. झालं?"

"झालं," म्हणून ती पुढच्या घरी जायची.

वीसेक वर्षांनी नदी पुन्हा तशीच चढली. या खेपेला कुणी गोंधळलं नाही. ज्यानं ज्याला उचलायचं, त्यानं उचललं. या चौथऱ्यावर पाटलांनी घरवार, ज्यांना उचलायचं ठरलं होतं त्यांची नावं पुकारली. सगळी होती. बायांनी देवाला हात जोडले. तेवढ्यात शिदूचा बाप अडखळत बोलला, "गोजरा?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ती आता म्हातारी झालेली, गुडघे धरलेले, घरात एकटी. तिला उचलायचं कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. गावाला विचारत फिरली, स्वतःचं नाव तेवढं तिनं कुणाला दिलं नाही.

शिदूनं कमरेला दोर बांधला. दुसरं टोक चौघांनी धरलं. छातीभर पाण्यातून तो तिच्या घरात शिरला, तर ती माळ्यावर गप बसलेली.

"तुला कुणी पाठवलं रे?"

"आबानं. आम्ही विसरलो, मावशी."

इतक्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. शिदूच्या पाठीवर ती मोठ्यानं रडली म्हणे, टेकडी चढेपर्यंत.

आजही ज्येष्ठातल्या पहिल्या रविवारी गाठोडी घेऊन गाव इथं चढतं. आधी एकट्या राहणाऱ्यांची नावं पुकारतात, आणि कुठल्यातरी घरानं "आमच्याकडं" म्हटल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत. गेल्या साली दवाखान्यात नव्या नर्सबाई आल्या होत्या, लांबच्या, गावात ओळख ना पाळख. त्यांचं नाव पुकारलं, तर तीन घरं एकदम म्हणाली, "आमच्याकडं."