आबासाहेबांचं उघडं दार

गावातलं सरकारी हायस्कूल बंद करायचं घाटत होतं. पट घसरलेला, दहावीचा निकाल जेमतेम साठ टक्के. शेजारीच आबासाहेबांचं खाजगी विद्यालय, त्याचा निकाल दरसाल शंभर!

ग्रामसभेत आबासाहेब मिशीला पीळ देत शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, असल्या शाळेला टाळंच ठोका. आमचं दार सगळ्यांना उघडं आहे."

सरकारी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गजराबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या शंभराचं गुपित त्यांना ठाऊक होतं. कच्ची पोरं आबासाहेब नववीतच निवडून काढायचे आणि हातात दाखला द्यायचे. ती रडवेली पोरं मग सरकारी शाळेत येऊन बसायची. गजराबाईंची नात शेवंता त्यातलीच. ही शाळा गेली, की तिचं शिक्षण संपलं.

गजराबाई पदर खोचून उठल्या. "आबासाहेब, तुमच्या तोंडात साखर पडो! साहेब, लगेच लिहून घ्या. आमची सगळी पोरं सोमवारपासून यांच्या शाळेत. दहावीच्या परीक्षेला बसेपर्यंत एकालाही दाखला द्यायचा नाही. करा सही, आबासाहेब!"

साहेबांनी खरंच कागद पुढे सरकवला. आबासाहेबांचा मिशीवरचा हात खाली आला.

"तसं नव्हे... जुनी शाळा आहे. एकदम बंद कशाला करायची?"

"का हो? दाराला कडी लागली का?"

सभा खो खो हसली. साहेबांनी तो कागद फाडला आणि शाळा चालू ठेवायच्या ठरावावर पहिली सही आबासाहेबांचीच घेतली.

जाता जाता गजराबाई म्हणाल्या, "निवडायचे ते तांदूळ, आबासाहेब. पोरं नव्हेत."