वाळूतली रामिस्को

वेली अजून माणसांशी बोलत होत्या, त्या काळातली गोष्ट. पोर्तुगालच्या समुद्रकाठी रामिस्को नावाची काळ्या द्राक्षांची वेल वाळूवर लोळायची. झुल्मिराबाईने खोल खड्डा खणून तिची मुळं वाळूखालच्या चिकणमातीत लावली होती. वाळू ढासळली तर श्वास घेता यावा म्हणून खणताना तिने डोक्यावर टोपली पालथी घातली होती.

टेकडीवरची वेल हसायची, "एवढं खणून शेवटी लोळतेसच ना?"

एका वर्षी मुळं खाणारी कीड आली. टेकडी वाळत चालली. वाळूत मात्र किडीला वाट काढता येईना. त्या साली गावाच्या पिंपांत फक्त रामिस्कोची तुरट वाइन होती.

टेकडीवरची वेल हळूच म्हणाली, "बाई, माझी एक काडी तिथे लावशील?"

"लावते की," झुल्मिरा म्हणाली, "पण तिथे आधी खाली जावं लागतं." आणि तिने टोपली डोक्यावर घातली.