बांजाचं ओलं बी

फार फार जुनी गोष्ट. बर्फाच्या डोंगराखाली एका वाडीत राहत होते म्हातारा, म्हातारी, त्यांचा मेंढपाळ मुलगा आणि सून. वाडीच्या वर बांजाचं, म्हणजे डोंगरी ओकाचं, रान होतं, बारा महिने हिरवं. पान वरून गर्द, खालून चांदीसारखं. त्याच्या मुळांशी झरा, भर उन्हाळ्यातही वाहणारा.

एका थंडीत म्हाताऱ्याला कोळशाचा लोभ सुटला. त्यानं रान तोडलं, बुंधेसुद्धा खणून काढले. कडेचं एकच म्हातारं झाड उरलं. उन्हाळा आला आणि झरा आटला. शेजारी भांडीकुंडी बांधून निघाले.

"आपणही निघू," म्हातारा मान खाली घालून म्हणाला.

"मामंजी, आधी रान लावू," सून म्हणाली. "तोवर मी दरीतल्या नदीवरून पाणी आणते."

तिनं टोपीवाली बांजफळं वेचून आणली. सासूनं ती चुलीवरच्या शिंक्यात वाळवली. "बी कसं खडखड वाजलं पाहिजे गं!" पावसाळ्यात पेरली. एकही उगवलं नाही. पुढच्या वर्षी आणखी कडक वाळवली. तरी तेच.

सून त्या उरलेल्या एकट्या झाडाखाली जाऊन बसली. एक निळ्या पंखांचं पाखरू फळं पळवत होतं.

"चोरटे, बियाला तरी ठेव!"

"मी चोर? आणि बी मारणारी कोण?" पाखरू म्हणालं. "नाचणीचं बी वाळून झोपतं, बांजाचं वाळून मरतं. फळं पडल्यापडल्या मी ती ओल्या पाल्याखाली पुरते, खायला म्हणून. निम्मी विसरते, ती उगवतात."

सून घरी धावली.

"आता पाखराकडून शेती शिकणार?" सासू हसली.

"हो, सासूबाई. माणसाकडून दोनदा शिकून झालं!"

त्याच दिवशी तिनं ताजी फळं ओल्या मातीत पुरली. पावसात तांबूस कोंब वर आले. म्हाताऱ्यानं शेळ्यांपासून राखायला भोवती दगडी गडगा घातला आणि मरेपर्यंत तो सांभाळला.

बांज सावकाश वाढतो. सुनेचे केस पिकले, तिच्या घरात सून आली. भर उन्हाळ्यात एके सकाळी ही नवी सून ओरडत आली, "सासूबाई, लवकर चला! दगडाखालून पाणी येतंय!"

झरा वाहू लागला, गेलेले शेजारी परतले, आणि त्या घरातली घागर पुन्हा कधी रिकामी राहिली नाही.

ज्याला जगवायचं, त्याचीच रीत शिकावी. आपली त्याच्यावर लादू नये.