गेनबाची मिशी

एका गावात एक भोळा गेनबा होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण गेनबापुढे ती वकील वाटावीत. तो शेळ्या राखायचा. सांगितलेलं सगळं मनापासून ऐकायचा, आणि घोळ तिथंच व्हायचा.

वय सव्वीस झालं तरी गेनबाला मिशी फुटली नव्हती. त्याच्या कळपातल्या बोकडाला ही दाढी, आणि मालकाचा ओठ घासलेल्या ताटासारखा. त्यात शेजारच्या गावातल्या सगुणाशी त्याचं लग्न जमत आलं होतं. सगुणा त्याला फार आवडली होती. पण तिचे मामा म्हणाले, "पोरगा बरा हाय. पण लोक म्हणतील, पोरीला नवरा बघायला गेले आन् धाकटा भाऊ घेऊन आले." साखरपुड्याची तारीख धरली खरी, पण मामांचं मन काही घेईना.

गेनबा घाबरला आणि थेट दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, मिशी पायजे."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "मिशी हार्मोनमुळं येते, बाबा. कुणाला लवकर, कुणाला उशिरा, कुणाला विरळच. अमुक खाल्लं आणि मिशी आली, असं काही नसतं. घरचं चौरस जेव. लसूण, अंडी, शेंगदाणे, डाळी, सगळं थोडं थोडं. साखर कमी कर. वेळेवर झोप."

त्यातलं 'असं काही नसतं' आणि 'थोडं थोडं' एवढं सोडून बाकी सगळं गेनबाने पाठ केलं.

घरी आला. शिंक्यातला लसणाचा गड्डा काढला आणि सालांसकट तोंडात कोंबला. साल टाळ्याला चिकटलं. गेनबा खोकतोय, डोळ्यांतून पाणी. आई धावत आली.

"आरं खुळ्या, आधी सोलायचं, मग खायचं."

"बरं आये. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने कोंबडीखालचं अंडं घेतलं आणि नखाने नीट सोलायला बसला. बलक बाहीतून कोपरापर्यंत गेला, तिथून धोतरावर. कोंबडी बघत राहिली.

आई म्हणाली, "आरं, आधी उकडायचं, मग सोलायचं, मग खायचं."

"बरं आये. आता ध्यानात ठेवतो."

मग आला शेंगांचा नंबर. गेनबाने कोपऱ्यातली पाटी उचलली. आधी उकडल्या, मग सोलल्या, मग खाल्ल्या. एकदाचं सगळं बरोबर जमलं. फक्त त्या शेंगा आईने पेरणीसाठी राखून ठेवल्या होत्या.

आईने रिकामी पाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आता रानात काय पेरू? तुझी मिशी?"

गेनबा पोट धरून लोळत होता. "आलीच न्हाई अजून, आये."

"आन् अख्खी पाटी एकट्यानं खाल्लीस? चांगलं असंल ते आधी दुसऱ्याच्या हातावर ठेवावं, मग आपल्या तोंडात घालावं."

"बरं आये. आता ध्यानात ठेवतो."

साखरपुड्याचा दिवस उजाडला. आईने जरीच्या कागदाचा छान पुडा केला, त्यात साखर भरली, तोंड बांधलं आणि गेनबाच्या हातात दिला. "पोरीच्या हातात द्यायचा हाय. सांभाळून आण."

आई पाहुण्यांबरोबर पुढे गेली. मागे राहिलेल्या गेनबाने पुडा उघडून बघितला, तर आत साखर. त्याला डॉक्टर आठवले. सगुणाचं वाईट व्हावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. त्याने साखर मुंग्यांच्या वारुळाशी ओतली. मुंग्यांना कुठं मिशी ठेवायची असते? मग घरात जाऊन मोठ्या प्रेमाने पुडा पुन्हा भरला आणि तोंड होतं तसं बांधलं.

मांडवात सगळे बसले. आईने पुडा सगुणाच्या हातात ठेवला. मामा म्हणाले, "उघड, पोरी. सगळ्यांचं तोंड गोड कर."

सगुणाने पुडा उघडला. वर सोललेला लसूण. खाली उकडून सोललेली अंडी. त्यातलं एक घरंगळत गेलं ते भटजींच्या अक्षतांत जाऊन बसलं. भटजी उठून उभे राहिले.

"ह्ये काय?" मामांचा आवाज चढला.

गेनबाने अदबीने हात जोडले. "मामा, साखर टाकून दिली. चांगलं ते आधी दुसऱ्याला द्यावं, म्हणून मी एकबी खाल्लं न्हाई. समदं तिलाच आणलंय." मग सगुणाकडे वळून मायेने म्हणाला, "रोज खात जा. दिवाळीपतुर मिशी येईल."

आईने पदरात तोंड लपवलं. मामांनी टोपी उचलली, पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "चल पोरी. मोडलं लगीन."

सगुणा उठली नाही. तिचे खांदे हलत होते. रडतेय वाटलं, तर ती हसत होती. हसू आवरून तिने लसणाची एक पाकळी तोंडात टाकली, दुसरी गेनबाच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "बसा मामा. दोघांनी खाल्लं तर एकाला तरी येईल."

मग मामांनाही हसू फुटलं आणि वहाणा पुन्हा पायांतून निघाल्या. लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो तोच गेनबा दारात. चेहरा उतरलेला, रात्रभर झोप नाही.

"काय रे, आता काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, माझी मिशी ऱ्हाऊ द्या," गेनबा म्हणाला. "आये म्हणती, बाईला मिशी शोभत न्हाई. आन् तिनं तर पाकळी खाल्लीया. तिची येऊ नये म्हणून काय खायचं, तेवढं सांगा. मी खातो."