अंगाला आठवतं

"मी का नाही, महाराज? सोमगीरबुवाच का?"

अनंतगीरचा आवाज चढला होता. चढणारच! मठाच्या पडवीतल्या खोलीत एक परकी पोर देवीच्या तापाने फणफणत पडली होती. अंगभर फोड. आईबाप दोघंही देवीनेच वाटेत गेलेले. बरोबरच्या वाटसरूंनी हात जोडून तिला मठात सोडली आणि ते पुढे गेले.

आणि तिच्या उशाशी भवानगिरी महाराजांनी पाठवलं कोणाला? तर सोमगीरला. पाल दिसली की बाजेवर चढून बसणाऱ्या सोमगीरला!

अनंतगीर म्हणजे अवसेच्या रात्री स्मशानात एकटा जप करणारा गडी. लोक त्याला टरकून असत, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडतही असे.

"मला मरणाचं भय नाही, महाराज."

महाराज ओसरीवर कडुनिंबाचा पाला खुडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझ्या भयाचं कोण विचारतंय रे? पोरीला पाणी कोण पाजणार, ते बघायचंय."

"मी पाजतो की!"

"तू आत गेलास की आजारी दोन होतील. सोमगीरला हात दोनच आहेत."

आतून कण्हणं ऐकू येत होतं. "आये... आये..." अनंतगीरची नजर दाराकडे वळली. गर्विष्ठ होता, पण माणूस दगड नव्हता.

इतक्यात सोमगीर दारात आला. त्याचं तोंड जुन्या वणांनी भरलेलं होतं.

"महाराज, मला भ्या वाटतंय. तिचा श्वास कसातरीच लागलाय. माझ्या हातून काही..."

"वाटू दे. भीत भीत पाज."

सोमगीर परत आत गेला. थोड्या वेळाने कण्हणं थांबलं. पोरीच्या घशातून पाणी उतरल्याचा आवाज आला.

"बघितलंत?" अनंतगीर म्हणाला. "बुवांची गाळण उडालीय, तरी त्यांना काही होणार नाही. आणि मला होणार? हा कुठला न्याय?"

"लहानपणी त्याला देवी आल्या होत्या. मरता मरता वाचला. तेव्हा तो शुद्धीत नव्हता. आज विचारलंस तर त्याला काही सांगता यायचं नाही. त्याच्या अंगाला मात्र सगळं आठवतं."

"आणि माझी एवढ्या वर्षांची साधना?"

"ती तुला आठवते. अंगाला कुठे ठाऊक?"

"...मग तुमची, महाराज?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

महाराजांनी पाला बाजूला ठेवला. अनंतगीरचा हात धरला आणि स्वतःच्या गालावरून फिरवला. गाल गुळगुळीत होता. एकही वण नव्हता.

अनंतगीरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महाराजांनाही आत जाता येत नव्हतं आणि इतका वेळ आपण त्यांच्याशीच भांडत होतो, हे त्याला आत्ता कळलं. तो मुकाट्याने चुलीकडे गेला. पातळ पेज केली, खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरला. पोरीचा ताप उतरेपर्यंत तो रोज हेच करत राहिला.

पोर वाचली! खपल्या धरल्या, गळल्या, आणि एका सकाळी सोमगीरचं बोट धरून ती अंगणात आली. नाकगाल सगळे खड्ड्यांनी भरलेले.

"अरेरे," अनंतगीर हळहळला. "रूप गेलं हो बिचारीचं."

महाराज उठले. त्या एवढ्याशा पोरीसमोर गेले आणि हात जोडून वाकले. पोर भांबावून सोमगीरच्या मागे लपली.

"महाराज, हे काय?"

"ओळख करून घे तिची," महाराज म्हणाले. "पुढची साथ आली, की तुला-मला पाणी पाजायला हीच आत येणार आहे."