नातीसाठी नेलेला वाडगा

फार जुनी गोष्ट आहे. समुद्रकाठच्या एका बंदरात सुपारीचा एक व्यापारी राहत होता. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा चीनहून आलेल्या गलबतावरच्या खलाशाने दोन पोती सुपारीच्या बदल्यात त्याला चिनी मातीचा एक जुना वाडगा दिला. पांढराशुभ्र, त्यावर निळ्या रंगात नदी आणि काठावर बसलेला म्हातारा कोळी. उजेडात धरला की पलीकडून बोटांची सावली दिसे.

"तीनशे वर्षांचा आहे," खलाशी म्हणाला.

व्यापाऱ्याला वाटलं, इतकी वर्षं इतक्या हातांनी हा सांभाळला, म्हणून तो माझ्या हाती आला. आता माझ्या हातून फुटायला नको.

यात चूक काहीच नव्हती. पण एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. सुरया आल्या, ताटल्या आल्या, झाकणाचे कुंभ आले. मधल्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या लागल्या. शेजारणी आल्या की व्यापारी दारातच सांगे, "पदर खोचून या हं." हळूहळू शेजारणी यायच्या बंद झाल्या. त्याची बायको स्वतःच्या घरात आडवी होऊन चालायला शिकली. एवढी भांडी घरात, पण त्यांतून कधी कुणी पेजसुद्धा प्यायलं नाही.

त्याला एकच लेक, वेणू. खाडीपलीकडे सुंभ वळणाऱ्यांच्या घरात दिली होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच.

बायको म्हणाली, "अहो, वेणूला आणायचं तर मधली खोली लागेल."

"मधलीच का?"

"तिथे वारा लागत नाही, चूल भिंतीपलीकडे आहे. का लेकीला ओटीवर बाळंत करायचं?"

"अगं, तिथे शेगडी येणार, धुरी येणार. काजळी बसेल सगळ्यावर."

"मग हलवा की."

व्यापारी खोलीत जाऊन उभा राहिला. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना. वरची सुरई आधी काढावी, तर खालच्या ताटल्यांना धक्का लागेल. ताटल्या आधी काढाव्यात, तर त्या ठेवायच्या कुठे? गुंडाळायला कोरडा पेंढा हवा, आणि भात तर अजून शेतात उभं. त्याला लेकही हवी होती, भांडीही हवी होती. शेवटी त्याने निरोप धाडला, 'भात झोडून झालं की पेंढा मिळेल. तोवर वेणूने थोडं थांबावं.'

बायकोने ते ऐकलं आणि लुगडी गाठोड्यात बांधली. लेकीच्या सासरी आईने मुक्काम करायचा नाही, अशी त्या गावची रीत. व्यापारी गोंधळून म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुम्ही राहा इथे. या भांड्यांकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवंच की."

भात झोडायच्या आधीच वेणू बाळंत झाली. विहीणबाईंनी आपली खोली तिला दिली आणि स्वतः सुंभाच्या ढिगाशेजारी पथारी टाकली. मुलगी झाली.

बाराव्या दिवशी व्यापारी बारशाला गेला. नातीसाठी त्याने आपल्याजवळचा सगळ्यात मोलाचा वाडगा काढला, ज्यावर सोनेरी मासा होता. दोन्ही हातांत धरून तो खाडी ओलांडून आला.

"काय हो व्याही, एवढं जपून धरलंय, अंडी आणलीत का?" विहीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "बसा. घ्या नात मांडीवर."

व्यापारी बसला. पण वाडगा ठेवायचा कुठे? इकडे घुगऱ्यांची परात, तिकडे पाळण्याची दोरी, मधून पोरं पळत होती.

"आबा, ठेवा ना खाली," वेणू म्हणाली.

"इथे? कुणाचा पाय लागला म्हणजे?"

 वेणूच्या आवाजात राग नव्हता. "बरं. मग धरून बसा."

त्याची नजर वाडग्यावर, तोवर बाळ त्याच्यासमोरून पुढच्या मांडीवर गेलं, तिथून आत्याकडे, आत्याकडून पाळण्यात. बायका गोल करून गाऊ लागल्या. व्यापाऱ्याला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

निघताना त्याने वाडगा पुढे केला. वेणू म्हणाली, "उद्या ही रांगायला लागेल, आबा. हिच्यामागे धावू की याला सांभाळू? तुमच्याकडेच राहू दे." बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी सव्वा महिन्याने येईन."

परतीच्या होडीत नावाड्याने विचारलं, "नात झाली म्हणे, शेट. कुणावर गेलीय?"

 व्यापाऱ्याने नातीचं तोंड पाहिलंच नव्हतं. मांडीवरच्या वाडग्यातल्या माशाला खवले किती, हे मात्र तो न बघता सांगू शकला असता. घरातली सगळ्यात चांगली वस्तू आपण नेली, मग चुकलं कुठे, हे कोडं त्याला किनारा येईपर्यंत सुटलं नाही. 

तात्पर्य एवढंच: सुंदर वस्तू जरूर जपावी. पण तिच्यासाठी आपल्या माणसाला 'थोडं थांब' म्हणायची वेळ आली, तर तेव्हाच सावध व्हावं.